पोचायचं कुणाला आहे?

बोटीने बर्लिनला जाता येतं. नकाशात बर्लिनच्या आसपास समुद्र सापडला नाही तर चष्म्याचा नंबर तपासायला जाऊ नये. तो तिथे नाहीच. उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राच्या काठी वार्नेम्युंडे नावाचं टुमदार ठिकाण आहे. क्रूझची बोट तिथे लागते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेसमोर ‘बर्लिन’ असं छापलेलं असतं. मधलं अंतर २०० किलोमीटरहून जास्त. जिथे ‘पॅरिस’ छापलेलं असतं तिथे बोट ल हाव्र बंदरात उभी असते आणि पॅरिस जवळपास तेवढंच लांब राहतं. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, पुढे ७०-८० किलोमीटर बसने. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. हाच हिशोब आपल्याकडे लावला तर मुंबईच्या धक्क्याला लागलेल्या बोटीवर ‘आज पुणे’ अशी पाटी लावायला हरकत नाही, नाशिकही चालेल. पुण्याला समुद्र नाही ही उणीव पुणेकरांनी तशीही कधी मान्य केलेली नाही. पण ‘कोल्हापूर’ची पाटी लावलेली एसटी कराडला थांबली आणि कंडक्टर म्हणाला, ‘हेच कोल्हापूर, पुढचं तुमचं तुम्ही बघा,’ तर काय होईल? आगारप्रमुखाला मागच्या दाराने पळावं लागेल. क्रूझवरची माणसं मात्र ‘बर्लिन’ असं वाचतात, खिडकीतून वार्नेम्युंडे बघतात आणि कॉफीचा दुसरा कप घेतात. हा संयम येतो कुठून? माझं उत्तर असं, की बोट कुठे जाते याच्याशी क्रूझचा फारसा संबंधच नाही. पोचण्याची गरज संपलेल्या बोटीत पोचण्याची गरज संपलेली माणसं बसतात, याला क्रूझ म्हणतात. आणि जुन्या, मुरलेल्या जोडप्यासाठी याहून शहाणपणाची सुट्टी अजून कुणी काढलेली नाही.

यात बोटीची बदनामी नाही. तिचं घराणंच तसं आहे. हाम्बुर्गच्या हापाग कंपनीचे आल्बर्ट बालिन यांना दर हिवाळ्यात एकच घोर लागायचा. अटलांटिक खवळलेला, अमेरिकेला जाणारे प्रवासी रोडावलेले, आणि मोठमोठ्या आगबोटी धक्क्याला नुसत्या बांधून ठेवलेल्या. लग्नसराई उलटलेल्या मंगल कार्यालयाच्या मालकाला हे दुःख समजेल. तो अशा वेळी हॉलमध्ये साड्यांचा सेल भरवतो. बालिन यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सहलीला सोडली. सुमारे दोन महिन्यांनी ती परत जर्मनीला आली. एवढ्या खटाटोपातून तिने कुणालाही कुठेही नेऊन पोचवलं नव्हतं, आणि नेमका तोच धंदा पुढे चालला. (बोटीला नाव जर्मन सम्राज्ञीचं होतं, तेही चुकलेलं. बाईंचं नाव ‘आउगुस्टे’. दुरुस्तीला १८९७ उजाडलं. मधल्या आठ वर्षांत सम्राटांना घरी काय ऐकावं लागलं, याची नोंद इतिहासात नाही.) मग ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडू लागली, पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, आणि पोचवण्याचं काम बोटींच्या हातून कायमचं गेलं. ‘फ्रान्स’ नावाची देखणी, वेगवान बोट १९६२ मध्ये सेवेत आली आणि १९७४ मध्ये घरी बसली. १९७९ मध्ये नॉर्वेच्या मालकाने ती घेतली, ‘नॉर्वे’ असं नाव दिलं आणि कॅरिबियन समुद्रात क्रूझला लावली. त्याआधी तिच्यावर जे काम केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्या दोन इंजिनखान्यांपैकी एक बंद केला आणि चार पंख्यांपैकी दोन काढून टाकले. बोट मुद्दाम हळू केली, कारण वेगाचा खर्च होता आणि उपयोग नव्हता. निवृत्तीनंतर डॉक्टर माणसाला जे सांगतात तेच इंजिनियरांनी बोटीला सांगितलं: आता धावपळ बंद, इकडेतिकडे जरा फिरून येत जा.

कोकणाला हीच गोष्ट उलट्या बाजूने ठाऊक आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. डेकवर वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका आणि रडणारी मुलं यांच्यामधून वाट काढावी लागायची. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना उतरवायला पडाव येई. पडाव लाटेबरोबर वर आला की त्याच क्षणी त्यात पाय टाकायचा. विचार करायला थांबलेल्या माणसाला खाली उभे असलेले खलाशी मोलाचे शब्द ऐकवत. आज लक्षद्वीपला क्रूझची बोट अशीच दूर उभी राहते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून किनाऱ्याला जातात. याला आता साहसी अनुभव म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात. मराठीत बोट दोन प्रकारे लागते, एक धक्क्याला आणि दुसरी माणसाला. कोकणच्या प्रवासात दुसरी आधी लागायची आणि आवळासुपारी, आल्याची वडी, लिंबू हा सगळा औषधसाठा जयगडच्या आत संपायचा. या प्रवासाला कुणी सुट्टी म्हटलं नाही. रस्ते सुधारले, एसटी गावोगाव गेली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. बोटीच्या आठवणींवर हळवे लेख निघाले, पण लेख लिहिणारे आणि वाचणारे दोघेही रेल्वेनेच गावाला गेले. आणि आता त्याच पाण्यावर मुंबईहून गोव्याला, कोचीला, लक्षद्वीपला क्रूझ सुटते. समुद्र तोच, पावसाळ्यातला त्याचा स्वभावही तोच. फरक एवढाच, की तेव्हाच्या माणसाला वेंगुर्ल्याला उतरून घर गाठायचं होतं. ज्याला घर गाठायचं असतं त्याला समुद्र हा मधला अडथळा वाटतो. ज्याला काहीच गाठायचं नसतं त्याला तो ‘सी व्ह्यू’ वाटतो.

बरं, तो सी व्ह्यू तरी किती जणांना हवा असतो? २००९ मध्ये ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ ही अवाढव्य बोट आली आणि तिच्यावर आतल्या बाजूला तोंड केलेल्या बाल्कन्या निघाल्या. म्हणजे समुद्राच्या मधोमध, चारी बाजूंना पाणी असताना, माणसं पैसे मोजून अशी बाल्कनी घेतात जिच्यातून बोटीच्याच पोटातली बाग आणि समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख दिसतो. ही कल्पना नवीन आहे असं परदेशात समजतात. गिरगाव-लालबागच्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल: मधे चौक, भोवती मजले, प्रत्येक मजल्याला गॅलरी, आणि गॅलरीत उभं राहून समोरच्यांकडे आज कोण आलंय ते बघण्याची सोय. खोलीचा आकारही जुळतो. बोटीवरची स्वस्तातली, बिनखिडकीची खोली साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. चाळीत तेवढ्यात आठ-आठ माणसांचा संसार होई. बोटीवर तेवढ्याच जागेत दोघंच असतात, पण आठ जणांचं सामान घेऊन आलेली असतात, त्यामुळे हिशोब बरोबर बसतो. जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे, २० मजली आहे आणि तिच्यात ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. शिवाय २,३५० कर्मचारी. तिच्यावर सात तरणतलाव आहेत. समुद्रात जाऊन तलावात पोहणं हे वरवर विचित्र वाटतं, पण माझा मुद्दा त्यानेच सिद्ध होतो. ही एवढी वस्ती समुद्राकडे पाठ करून बसलेली आहे. बोटीचं मुक्कामाचं ठिकाण ती बोटच आहे.

आता जोडप्याकडे येऊ. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेल्या नवरा-बायकोची सुट्टीतली भांडणं तत्त्वांवरून होत नाहीत. ‘आता काय करायचं’ यावरून होतात. घरी हा प्रश्न कधीच निकालात निघालेला असतो. सकाळचा चहा कोण ठेवणार, वर्तमानपत्राची कोणती पुरवणी आधी कुणाची, रात्री दाराची कडी कुणी बघायची, हे तह जुने आहेत. परक्या शहरात सगळे तह रद्द होतात. जेवायचं कुठे? ‘तू म्हणशील तिथे.’ मराठी संसारातलं याहून धोक्याचं वाक्य शोधून सापडणार नाही. त्याने समोरच्याला निवडीचा अधिकार मिळत नाही, फक्त जबाबदारी मिळते. आणि जेवण बेचव निघालं की, ‘मी तेव्हाच म्हणणार होते,’ हा राखून ठेवलेला भाग बाहेर येतो. ‘अहो, विचारा ना कुणाला तरी,’ आणि ‘मला माहीत आहे रस्ता,’ हा संवाद जगातल्या झाडून सगळ्या प्रेक्षणीय स्थळांनी मराठीत ऐकलेला आहे. बोट हा सगळा विभागच बंद करते. रस्ता कप्तान बघतो आणि त्याला कुणी ‘विचारा ना’ म्हणू शकत नाही. जेवण किती वाजता, कुठे, कोणत्या टेबलावर, ते ठरलेलं. उद्या दिवसभर काय आहे त्याचं पत्रक आज रात्रीच हातात येतं, हल्ली फोनवर. कार्यक्रम रटाळ निघाला तर चूक ठरवणाऱ्याची, आणि ठरवणारा खोलीत राहत नाही. संसारात तिसरा माणूस वाईट म्हणतात, पण दोष ठेवण्यापुरता तो असावा.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: दीडशे फुटांच्या खोलीत, पळून जायला जागा नसताना, चार-पाच दिवस सतत समोरासमोर? त्यापेक्षा घर काय वाईट? हा आक्षेप घेणाऱ्याने समुद्रातला दिवस, म्हणजे बोट कुठेच न थांबता नुसती चालत असते तो दिवस, नीट पाहिलेला नाही. त्या दिवशी जोडपी एकत्र नसतातच. ती नाश्त्याला एकत्र बसतात आणि नंतर पांगतात. हे आरामखुर्चीत पडून पुस्तकाचं तेच पान चौथ्यांदा वाचत असतात. त्या बिंगोला, नाचाच्या वर्गाला किंवा फळांवर कोरीवकाम शिकायला जातात. जमिनीवर नवरा दोन तास न सांगता गेला तर परत आल्यावर जबानी द्यावी लागते. बोटीवर तो फार तर ३६५ मीटरच्या आत कुठेतरी असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाचा शोध घेत नाही. पळून जायला जागा नाही म्हणूनच कुणी पळाल्याचा संशय येत नाही. दुपारी चहाला भेट झाली की एकमेकांना सांगण्यासारखं नवीन काहीतरी दोघांकडे असतं. तीस वर्षांच्या संसारात ही चीज दुर्मीळ आहे. जाणकार प्रवासी ज्याला सुखाचा दिवस म्हणतात तो हाच. वसंतात कॅरिबियनकडून युरोपकडे आणि पानगळीच्या दिवसांत उलट दिशेने बोटी हंगाम बदलायला अटलांटिक ओलांडतात. त्या फेऱ्यांत सलग सहा-सात दिवस बंदर दिसत नाही. अशा फेऱ्यांचं तिकीट स्वस्त असतं आणि त्या मुद्दाम निवडणारे लोक आहेत. ते काय बघायला जातात? काहीही नाही, आणि ते त्यांना पुरतं.

बंदराचा दिवस उगवला की हे सुख उतरणीला लागतं, कारण ‘काय करायचं’ हा प्रश्न शिडीवरून पुन्हा वर चढून येतो. नेपल्सला बोट लागली. पोम्पेई की काप्री? त्यांना अवशेष हवेत, यांना अवशेष घरीच पुष्कळ आहेत. शिवाय वेळ मोजका. अमुक वाजता बोटीवर परत या, असा हुकूम असतो आणि त्यात बोटीची वेळ व गावाची वेळ कधीकधी वेगळी असते. नवऱ्याचं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर, बायकोचा फोन शहाण्यासारखा आपणहून गावाच्या वेळेवर गेलेला. दोघांत एक तासाचा फरक आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. लग्नसंस्थेची याहून नेमकी व्याख्या एखाद्या तत्त्ववेत्त्यालाही जमली नसती. बोटीनेच ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. आपलं आपण फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून सुटायच्या वेळी धक्क्यावर धावणारी जोडपी दिसतात आणि वरच्या डेकवरून शेकडो लोक टाळ्या वाजवून त्यांचा हुरूप वाढवतात. दिवसभरातलं सर्वांत लोकप्रिय प्रेक्षणीय स्थळ ते. बंदर आलं तरी खाली न उतरणारे मुरब्बी वेगळेच: बोट रिकामी, तलाव रिकामा, सगळ्या आरामखुर्च्या आपल्या. खुद्द कंपन्यांनाही बंदरांचं मोठं प्रेम नाही. किनाऱ्यालगत असताना बोटीवरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकानं सहसा बंद ठेवावी लागतात, म्हणजे बंदर हा गल्ल्याच्या दृष्टीने खाडा. काही कंपन्यांनी बहामात आपली खासगी बेटंच केली आहेत. तिथे उतरलं तरी माणूस बोटीच्याच अंगणात राहतो. आणि अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याची बोट सिअ‍ॅटलहून निघून नुसत्या अलास्काला फेरी मारून परत येऊ शकत नाही, मधे एक परदेशी बंदर लागतं. म्हणून कॅनडातल्या व्हिक्टोरियाला ती अनेकदा संध्याकाळी टेकते आणि मध्यरात्रीच्या सुमारास निघते. आपल्याकडे ताटाभोवती चित्राहुती घालतात तसं ते बंदर घातलेलं असतं, विधीपुरतं.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त आहे: हा प्रवास नव्हेच. रोममध्ये चार तास घालवून रोम पाहिलं म्हणणं ही फसवणूक आहे. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. फक्त तो क्रूझला लागू होत नाही. ज्याला रोम बघायचंय त्याने विमानाने रोमला जावं, आठ दिवस राहावं, चालून पायाचे तुकडे पाडून घ्यावेत. फसवणूक होते ती बंदरांची यादी बघून तिकीट काढणाऱ्याची, आणि यादी मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांचा त्यात वाटा आहेच. पण ‘आठ दिवस कुणीतरी स्वयंपाक केला, कुणीतरी अंथरूण घातलं आणि मला काही ठरवावं लागलं नाही’ असं म्हणणाऱ्या बाईला रोमची वास्तुकला शिकवायला जाण्याची हिंमत करू नये. तीस वर्षं रोज सकाळी ‘आज भाजी कोणती’ या प्रश्नाने जिचा दिवस उगवला, तिच्यासाठी भाजी दुसऱ्याने ठरवणं हेच आठवं आश्चर्य आहे. एकेकाळी समुद्र ओलांडणं आपल्याकडे निषिद्ध होतं, आणि त्याचं एक कारण बोटीवर सोवळं आणि अन्नाचे नियम पाळता येत नाहीत हे दिलं जाई. आज मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जैन जेवणही मिळतं. धर्मशास्त्राने जिथे हात टेकले तिथे बुफेने मार्ग काढला.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र विनोदाने उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. दोघांच्या निवांतपणाची किंमत तिसऱ्यांना पडते. दिवसाला पाच-सहा हजार माणसं चार तासांसाठी एखाद्या जुन्या शहरात ओतली की त्या शहरातल्या लोकांना आपल्याच गल्लीत परवानगी मागत चालावं लागतं. इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ बोटींना व्हेनिस शहरासमोरच्या जलमार्गातून जायला बंदी घातली. डुब्रॉव्हनिकने दिवसाला दोन बोटींची मर्यादा घातली, अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून पाच बोटींची. धुराचा आणि इंधनाचा हिशोब वेगळाच. आणि ज्याला आपण ‘कुणीतरी’ अंथरूण घातलं म्हणतो तो कुणीतरी अनेकदा गोव्याचा असतो. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरापासून दूर राहून ते दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळतात. त्या बोटीत पोचण्याची गरज असलेला माणूस तो एकटाच. हा आक्षेप खरा आहे, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. प्रवाशांना बंदरांचं एवढं अगत्य नाही आणि बंदरांनाही त्यांचं नाही, तर मग बोटींनी बंदरं कमी करावीत, इंधन जाळत धावू नये, आणि समुद्रातच संथपणे चालत राहावं. ‘फ्रान्स’चे दोन पंखे काढले तेव्हा कुणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा क्रूझचं तिकीट काढताना शहरांची नावं मोजू नका, समुद्रातले दिवस मोजा. पत्रकात ‘बर्लिन’ दिसलं तर हसून पुढे चला. जी बोट कमीत कमी ठिकाणी थांबेल ती घ्या, खोली आतली घ्या, उरलेले पैसे अंथरूण घालणाऱ्याच्या हातावर ठेवा. आवळासुपारी जवळ असू द्या, कारण बोट अजूनही दोन्ही प्रकारे लागते. आणि घड्याळ दोघांत एकच न्या.